रौप्यभस्मासाठी जुनी नाणी : चांदीची परीक्षा आणि ग्राह्याग्राह्यविचार

रौप्यभस्मासाठी जुना राणीछाप रुपया घ्यावा, हा संकेत महाराष्ट्रातील वैद्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ज्या काळी सराफाकडील चांदीच्या शुद्धतेची खात्री देणारी कोणतीही व्यवस्था नव्हती, त्या काळी सरकारी टांकसाळीतून निघालेले नाणे हेच चांदीच्या प्रतीचे एकमेव खात्रीचे प्रमाण होते. शिवाय १८० ग्रेन वजनाचा हा रुपया म्हणजेच एक तोळा असल्यामुळे तोच वजन म्हणूनही काट्यावर ठेवता येत असे. त्यामुळे त्या काळच्या वैद्यांचा हा संकेत सर्वस्वी योग्यच होता.

आज परिस्थिती पालटली आहे. बाजारात जुने म्हणून विकले जाणारे प्रत्येक नाणे जुने नसते, जुने असलेले प्रत्येक नाणे चांदीचे नसते आणि चांदीच्या प्रत्येक नाण्यात चांदीचे प्रमाण सारखे नसते. या तीन गोष्टींचा विचार न करता नाणी थेट शोधनास घेतली जातात, असे अनेकदा दिसून येते. म्हणून नाण्यातील चांदी कशी ओळखावी आणि ती ओळख पटल्यावरही ते नाणे औषधासाठी ग्राह्य ठरते काय, या दोन्ही प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

परीक्षा नाण्याचीच का?

भस्म सिद्ध झाल्यावर रेखापूर्णत्व, वारितरत्व, निश्चंद्रत्व आदी परीक्षा आपण करतोच, मग नाण्याची वेगळी परीक्षा कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. याचे उत्तर असे की, या परीक्षा भस्म किती सूक्ष्म व किती सिद्ध झाले ते सांगतात. ते कोणत्या धातूचे झाले ते सांगत नाहीत. पारद-गंधकाच्या योगाने केलेल्या रौप्यभस्मात चांदी प्रामुख्याने गंधकाशी संयुक्त होऊन कृष्णवर्ण धारण करते. तांबेही गंधकाशी संयुक्त होऊन कृष्णवर्णच होते. चांदीत तांबे कितीही मिसळलेले असले तरी खलातील भस्माकडे पाहून, बोटांच्या रेषांत भरून किंवा पाण्यावर तरंगवून ते कळणार नाही. दह्यात टाकून करावयाच्या अम्लपरीक्षेत हिरवट छटा आली तर तांब्याचा संशय घेता येतो. परंतु ताम्रांश नीट जारित झालेला असल्यास ही छटाही येत नाही.

हा केवळ शास्त्रार्थाचा प्रश्न नाही. रौप्यभस्म साधारणतः अर्धी ते एक गुंज मात्रेत आणि बहुधा दीर्घकाळ दिले जाते. ताम्राविषयी रसग्रंथांची भूमिका मात्र अत्यंत सावध आहे. विषात एकच दोष, पण अशोधित ताम्रात आठ, असे ग्रंथकारांनी सांगितले असून वांती, भ्रम, क्लम, दाह आदी लक्षणे त्यात मोडतात. म्हणूनच ताम्राचे विशेष शोधन, अमृतीकरण आणि अल्प मात्रा यांचा आग्रह धरलेला आहे. यांपैकी काहीही न करता रौप्याच्या नावाखाली ताम्र रुग्णाच्या पोटात गेले, तर त्याचा दोष भस्माकडे नव्हे, तर नाणे निवडणाऱ्याकडे जातो.

कोणत्या नाण्यात किती चांदी?

नाण्याची पहिली परीक्षा त्यावरील सालाची होय. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये एकसारखा रुपया सुरू केला. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम आणि शुद्धता बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे हजारी ९१६.६ होती. उरलेला बारावा भाग तांबे. १८३५ व १८४० सालचे कंपनीचे रुपये, १८६२ पासूनचे ‘क्वीन’ आणि १८७७ पासूनचे ‘एम्प्रेस’ लेख असलेले व्हिक्टोरिया राणीचे रुपये, १९०३ ते १९१० चे सातव्या एडवर्डचे, त्यानंतरचे पाचव्या जॉर्जचे आणि सहाव्या जॉर्जचे १९३८ व १९३९ सालचे रुपये हे सर्व याच प्रतीचे आहेत.

दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण भासू लागल्यावर १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली. १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयात चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के, निकेल ५ टक्के आणि जस्त ५ टक्के असे चार धातू आहेत. वजन मात्र पूर्वीइतकेच, ११.६६ ग्रॅम. समोरच्या बाजूस राजाही तोच. त्यामुळे ‘राजाछाप आहे, म्हणजे चांदीचा आहे’ असे म्हणून हा रुपया घेणाऱ्याची गफलत होते. या रुपयांच्या काठावर दात्यांच्या मधोमध एक खाच फिरविलेली असते. ती ओळखीची खूण लक्षात ठेवावी. १९४७ सालचा रुपया संपूर्ण निकेलचा आहे. १९४७ च्या रुपयावर वाघाची आकृती आहे. स्वतंत्र भारताचा १९५० सालचा रुपयाही निकेलचाच आहे. यांत चांदीचा अंशही नाही.

लहान नाण्यांबाबतही सावध राहावे. चांदीची चवली १९१७ पर्यंतच निघाली. १९१८ पासूनची चवली तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची आहे. पहिल्या महायुद्धानंतर काही काळ, १९१९ च्या सुमारास, पावली व अधेलीसुद्धा याच मिश्रधातूत पाडण्यात आली होती.

मराठवाड्यातील घराघरांतून निजामाचे हाली नाणे सापडते. चारमिनार छापाचा हा रुपया ११.१८ ग्रॅम वजनाचा असून त्याची शुद्धता हजारी ८१८ होती. हिजरी १३६१, म्हणजे इसवी १९४२ पासूनच्या रुपयांत ती ५०० वर आली. पेशवाईतील अंकुशी वगैरे रुपये मात्र निरनिराळ्या टांकसाळींचे असल्याने त्यांच्या बाबतीत सालावरून शुद्धतेचा एकच आकडा धरता येत नाही. त्यांचा टंच काढणे हाच मार्ग होय.

रामदरबार, हनुमान इत्यादींच्या प्रतिमा व १८१८ असे साल असलेले, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असा लेख कोरलेले जे चकते चमत्कारिक गुण सांगून विकले जातात, ते कधीही चलनात नव्हते. त्यांचा औषधीकर्मात विचारही करू नये.

हिशेब काय सांगतो?

वरील आकड्यांचा अर्थ रसशाळेच्या भाषेत मांडून पाहू. १९३९ पर्यंतच्या १०० रुपयांचे वजन १,१६६ ग्रॅम भरते. त्यात चांदी सुमारे १,०६९ ग्रॅम आणि तांबे सुमारे ९७ ग्रॅम असते. १९४० ते १९४५ च्या १०० रुपयांचे वजनही १,१६६ ग्रॅमच. परंतु त्यात चांदी अवघी ५८३ ग्रॅम, तांबे ४६६ ग्रॅम, निकेल ५८ ग्रॅम व जस्त ५८ ग्रॅम. एका वर्षाच्या फरकाने नाण्यातील तांबे जवळजवळ पाचपट होते. एका घाणीत दहा-वीस जरी असे रुपये मिसळले गेले, तरी संपूर्ण घाणीचे स्वरूप बदलते.

रसशाळेत करता येण्याजोग्या परीक्षा

१. दर्शन व भार : सर्वप्रथम प्रत्येक नाणे सुटे पाहावे. अक्षरे बोथट व फुगीर, पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे आणि काठावर जोडाची रेघ दिसल्यास ते ओतीव, म्हणजे बनावट समजावे. अस्सल नाणे ठशाने पाडलेले असते. उंचवट्यांवर, विशेषतः गालावर व केसांवर, झीज होऊन आतून लालसर वा पिवळट रंग दिसत असल्यास वर चांदीचा मुलामा आहे. नंतर वजन करावे. जुने नाणे वापराने झिजते, ते कधी वाढत नाही. म्हणून ११.६६ ग्रॅमपेक्षा थोडे कमी वजन क्षम्य. त्याहून ठळकपणे अधिक वजन मात्र संशयास्पद.

२. पाण्यातील तोल : घरच्या घरी होणाऱ्या परीक्षांत ही सर्वांत उपयुक्त होय. रसशाळेत दहा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. काट्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवून आकडा शून्य करावा. नाणे बारीक रेशमी दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, परंतु तळाला व काठाला लागणार नाही, असे हाताने अधांतरी धरावे. काट्यावर जो आकडा येईल, तितके घन सेंटिमीटर त्या नाण्याचे आकारमान. नाण्याच्या कोरड्या वजनास या आकड्याने भागले की घनता मिळते. शुद्ध चांदीची घनता १०.४९, ९१६.६ प्रतीच्या नाण्याची सुमारे १०.३, १९४० नंतरच्या रुपयाची सुमारे ९.५, निकेल व तांबे-निकेल मिश्रधातूची सुमारे ८.९, जर्मन सिल्व्हरची त्याहूनही थोडी कमी. पूर्ण वजनाच्या रुपयासाठी पाण्यातील आकडा अनुक्रमे जुन्या रुपयास १.१३, १९४० नंतरच्यास १.२२ आणि निकेलच्यास १.३१ असा येतो. झिजलेल्या नाण्याचे वजन व आकारमान बरोबरच घटत असल्याने झिजेचा या परीक्षेवर परिणाम होत नाही. पाणी उकळून गार केलेले असावे आणि नाण्यास हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नयेत. एकाच प्रकारची दहा नाणी एकत्र बांधून तोलल्यास चूक दहा पटीने कमी होते. मात्र त्यापूर्वी प्रत्येक नाणे सुटे तपासलेले असावे, अन्यथा एखादे खोटे नाणे नऊ खऱ्यांच्या आड लपते.

३. नाद : ‘खणखणीत बंदा रुपया’ हा वाक्प्रचार याच परीक्षेतून आला आहे. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच ठोकल्यास चांदीचा नाद स्वच्छ व लांबणारा येतो. शिशाचा गाभा असल्यास तो बद्द येतो. शिसे चांदीपेक्षा जड व कथील हलके असल्यामुळे या दोहोंचे मिश्रण पाण्यातील तोलास फसवू शकते. तेथे नादपरीक्षा उपयोगी पडते. मात्र तडा गेलेल्या किंवा कडी झाळलेल्या अस्सल नाण्याचाही नाद बिघडतो, हे ध्यानी ठेवावे.

४. चुंबक : निकेलचा रुपया चुंबकास चिकटतो आणि क्षणात वेगळा काढता येतो. परंतु चिकटत नाही म्हणून चांदी, हा निष्कर्ष सर्वथा चुकीचा होय. तांबे, पितळ, शिसे, जर्मन सिल्व्हर आणि तांबे-निकेल यांपैकी काहीही चुंबकास चिकटत नाही.

५. तेजाबाची परीक्षा : नाण्याच्या काठावर कानशीने वरचा थर काढून टाकावा व त्याखालचा थोडा कीस घ्यावा. पृष्ठभागाचा कीस घेतल्यास मुलाम्याचीच परीक्षा होते. हा कीस चिनी मातीच्या वाटीत थोड्या पातळ नत्राम्लात विरघळवावा. विरघळतानाच पांढरी भुकटी खाली राहिल्यास कथील आहे. द्रव स्वच्छ झाल्यावर त्यात ऊर्ध्वपातित पाणी घालून मिठाच्या पाण्याचे थेंब टाकावेत. चांदी असल्यास फाटलेल्या दुधासारखा दाट पांढरा साका खाली बसतो, तो उजेडात हळूहळू जांभळट-काळा होतो. शिशाचाही साका पांढराच येतो, परंतु तो उकळत्या पाण्यात विरघळतो. चांदीचा विरघळत नाही. साका गाळून उरलेल्या द्रवात अमोनिया घातल्यावर गडद निळा रंग आल्यास तांबे आहे. हा रंग जुन्या अस्सल रुपयातही येणारच, कारण त्यातही बारावा हिस्सा तांबे आहे. ही परीक्षा धातू कोणता ते सांगते, प्रमाण सांगत नाही.

नत्राम्लाची वाफ श्वसनमार्गास घातक असल्याने हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे व चष्मा घालूनच करावे. चांदी व अमोनिया एकत्र असलेला द्रव कधीही साठवून ठेवू नये. तो सुकल्यास स्फोटक द्रव्य तयार होते. काम संपताच त्यात आम्ल घालून तो टाकून द्यावा.

६. यंत्रपरीक्षा : सराफ बाजारातील टंच केंद्रांत क्ष-किरण यंत्राने काही मिनिटांत टक्केवारी मिळते. मात्र हे किरण धातूत अत्यंत उथळ, मिलिमीटरच्या अल्पांशापर्यंतच जातात. जाड मुलामा दिलेले नाणे त्यामुळे शुद्ध चांदीचे भासते. अस्सल जुन्या नाण्याच्या पृष्ठभागावरील तांबेही काळाच्या ओघात झिरपून गेलेले असते आणि टक्केवारी वाढीव दिसते. म्हणून नाणे कापून, त्या ताज्या छेदावर मापन करून घ्यावे. त्याहून खात्रीचे म्हणजे नाणी वितळवून एकजीव झालेल्या रसाचा नमुना प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने तपासून घेणे.

शास्त्रदृष्ट्या नाणे ग्राह्य काय?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वरील सर्व कसोट्यांना उतरलेला अस्सल राणीछाप रुपया भस्मासाठी तसाच घ्यावा काय? रसरत्नसमुच्चयात सांगितलेली ग्राह्य रौप्याची लक्षणे पाहिली असता उत्तर स्पष्ट होते. घन, स्वच्छ, गुरु, स्निग्ध, मृदु आणि तापविल्यावर व कापल्यावर श्वेतच राहणारे रौप्य ग्राह्य. तापविल्यावर रक्त, पीत किंवा कृष्ण होणारे, रूक्ष, लघु व फुटणारे रौप्य त्याज्य. यातील तापविण्याची परीक्षा अत्यंत मार्मिक आहे. शुद्ध चांदी हवेत लाल होईतो तापवून थंड केली तरी पांढरीच राहते. तांबे मिसळलेली चांदी तापविली असता तांब्याचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर काळसर थर येतो. ९१६.६ प्रतीचा अस्सल रुपयाही तापविल्यावर काळवंडतो. म्हणजे ग्रंथोक्त कसोटीनुसार नाण्याची चांदी, ती सर्वोत्तम नाण्याची असली तरी, आहे त्या स्थितीत ग्राह्य ठरत नाही.

सामान्य शोधनाने हे तांबे निघून जाईल, असा समज आढळतो. तिलतैल, तक्र, गोमूत्र, कांजी व कुलत्थक्वाथ यांत निर्वाप करताना पृष्ठभागावर आलेले ताम्रकिट्ट तक्र-कांजीच्या अम्लतेने काही प्रमाणात सुटते, हे खरे. कंटकवेधी पत्रे केल्यास हा लाभ थोडा अधिक मिळतो. परंतु धातूच्या अंतर्भागातील तांबे त्यामुळे निघत नाही. आणि अखंड नाणीच तापवून विझविल्यास तर फक्त त्यांचे पृष्ठ उजळते.

ग्रंथकारांना ही मर्यादा पूर्ण ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी विशेष शोधनात नाग व टंकण यांची योजना केली. खापरावर राख व चुना यांची पाळी करून, त्यात रौप्य व समभाग शिसे ठेवून, शिसे नाहीसे होईपर्यंत धमन करावे, असा विधी रसरत्नसमुच्चयात आहे. वितळलेले शिसे हवेशी संयुक्त होऊन ताम्रादी हीन धातूंचे किट्ट आपल्यात सामावून घेते, राखेत मुरते आणि शुद्ध चांदी तेवढी मागे राहते. जगभरच्या टांकसाळींनी टंच काढण्यासाठी वापरलेली पद्धती तत्त्वतः हीच होय. आपल्या पूर्वसूरींनी तिला औषधी शोधनाचे स्थान दिले, ही अभिमानाची बाब आहे; परंतु आज लहान रसशाळेत हा विधी करणे इष्ट नाही. शिशाचा धूर कामगारांच्या शरीरात साठतो आणि धमन अपुरे राहिल्यास शिशाचा अंश चांदीतच उरतो. या विधीचा हेतू, म्हणजे ताम्ररहित रौप्य, आज शुद्धीकरण कारखान्याच्या हजारी ९९९ प्रतीच्या चांदीतून साध्य होतो. अशी चांदी प्रमाणपत्रासह घेऊन तिच्यावर सामान्य शोधन आणि ज्योतिष्मती तैलातील निर्वाप यांसारखे विशेष संस्कार करणे हे शास्त्राच्या शब्दाला व हेतूलाही धरून आहे.

व्यवहारातील पथ्ये

ज्यांच्याकडे नाण्यांचा साठा आधीच आहे, त्यांनी सालवार वर्गवारी करावी. १९४० व त्यानंतरची नाणी भस्मासाठी पूर्णतः वर्ज्य समजावीत. कडी झाळलेली, माळेतील किंवा दागिन्यातील नाणी वेगळी काढावीत. झाळेत जस्त असते आणि काही झाळांत कॅडमियमसारखा अत्यंत विषारी धातूही असतो. उरलेली नाणी शुद्धीकरण कारखान्यातून शुद्ध करवून, प्रमाणपत्र घेऊन मगच शोधनास घ्यावीत.

तत्पूर्वी नाणेसंग्रहाच्या जाणकारास ती अवश्य दाखवावीत. १९३९ सालच्या रुपयासारख्या दुर्मिळ नाण्याचे मोल त्यातील चांदीच्या कितीतरी पट असते. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तूच्या व्याख्येत येते, तर चलनातील नाणी वितळविण्यास २०११ च्या नाणी अधिनियमाने मनाई आहे. पुरावस्तू ठरणाऱ्या नाण्याबाबत कायदेशीर सल्ला घेतल्याशिवाय ते मुशीत टाकू नये.

औषधी व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांत ‘परिशिष्ट टी’ अन्वये कच्च्या द्रव्याची तपासणी व नोंद आवश्यक आहे. घाणीच्या नोंदवहीत ‘जुने चांदीचे रुपये’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. चांदीचा स्रोत, शुद्धतेचे प्रमाणपत्र, तापविल्यावरचा वर्ण आणि ताम्र व नाग यांच्या तपासणीचा निष्कर्ष या चार बाबी नोंदविल्या, तर पुढे एखाद्या रुग्णाची तक्रार आल्यास किंवा निरीक्षकाने विचारणा केल्यास औषधनिर्मात्याची बाजू बळकट राहते.

सारांश, नाणे चांदीचे आहे काय, हा प्रश्न सराफाला पुरेसा असेल; वैद्याला तो पुरेसा नाही. त्यात चांदीबरोबर आणखी काय आहे, हा वैद्याचा प्रश्न. त्याचे उत्तर अग्नीपूर्वी, नाणे हातात असतानाच शोधावे लागते. पुटे दिल्यानंतर ते भस्मात दिसत नाही, रुग्णात दिसते. वैद्यबंधूंनी व रसशाळाचालकांनी आपल्याकडील साठ्याची या दृष्टीने एकवार तपासणी करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.